परीक्षेत तरी पोरांना खरं बोलू द्या

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांबेल. ज्यांच्या घरातलं कोणी इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला बसणार आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

भाची आली होती. शनिवारी तिची आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेची, स्पीकिंग आहे. "मावशी, तू समोर बस, परीक्षक हो," म्हणाली. मी बसले, मोबाइलवर वेळ लावली आणि सगळ्यात सोपा प्रश्न टाकला. "डू यू लाइक जंक फूड?" पोरीनं श्वास भरून घेतला आणि सुटली. "जंक फूड इज अ बर्निंग इश्यू ऑफ द मॉडर्न एरा. ॲज द सेइंग गोज, हेल्थ इज वेल्थ. पर्सनली, आय नेव्हर ईट जंक फूड..." पाढे म्हणावेत तसं, एका पट्टीत, चाळीस सेकंद. नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर.

संपल्यावर मी एवढंच विचारलं, "व्हाय नॉट?"

गप्प. एकदम गप्प. मग मराठीत, "मावशी, हे त्यात नव्हतं गं."

त्यात म्हणजे क्लासच्या फाइलमध्ये. जाडजूड फाइल, विषयवार टाइप केलेली उत्तरं, प्रत्येक पान प्लास्टिकच्या खिशात. जंक फूडच्या पानावर सरांनी लाल पेनानं लिहिलंय की आवडतं असं कधीही म्हणायचं नाही, मी टाळते असंच म्हणायचं. खाली दोन रेघा.

मी फाइल मिटली आणि म्हटलं, "बरं, ते जाऊ दे. तू खातेस का?" तर ती मराठीत बोलायला लागली. रात्री अभ्यास संपला की काहीतरी घेऊन बसते. भूक नसते. पोट भरलेलं असतं. तरी हात थांबत नाही. परीक्षा जवळ आल्यापासून रोज. आईला कळू नये म्हणून रिकामी पाकिटं दप्तरात घालून बाहेर नेऊन टाकते. बोलत होती, बोलत होती, हातवारे करत होती, मध्येच डोळे भरून आले. मोबाइलवर वेळ चालूच होती. मी बघितलं तर दोन मिनिटं उलटून गेलेली.

दोन मिनिटं! त्या तोंडी परीक्षेचे तीन भाग असतात, दुसऱ्यात विषय लिहिलेलं कार्ड हातात देतात, एक मिनिट विचाराला देतात आणि पुढे जास्तीत जास्त दोनच मिनिटं बोलायचं असतं. ज्या दोन मिनिटांसाठी पोरं महिनोन्‌महिने घोकतात, ती हिच्याकडे न घोकता होती.

म्हटलं, "अगं, हेच सांग ना इंग्रजीत."

"छे! असं कसं सांगणार? वाईट दिसतं. मार्क कापतील."

कोण कापेल गं मार्क? कशासाठी कापेल? हे हिच्या डोक्यात घातलं कोणी?

बोलण्याचे गुण तिथे चारच गोष्टींना असतात. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांना सारखं वजन. ही मापं काही कुलपात ठेवलेली नाहीत, जाहीर आहेत, कोणीही उघडून वाचावीत. उमेदवार रात्री काय खातो याचा रकाना त्यात नाही. त्याचं मत बरोबर की चूक याचाही नाही. उलट तळाकडच्या बँडचं, म्हणजे गुणांच्या खालच्या पायरीचं, वर्णन वाचा, पाठ केल्यासारख्या वाक्यांचा उल्लेख तिथे सापडेल. म्हणजे जे तळाचं लक्षण म्हणून लिहिलंय, तेच आपण फी भरून पोरांना शिकवतोय.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः ही परीक्षा दिली. तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. दिवसभर तिचं करायचं, ती झोपली की मी स्वयंपाकघरात जायची. दिवा लावायची नाही. चिप्सचं पाकीट दोन बोटांत धरून कडेनं हळूहळू फाडायची, आवाजानं तिला जाग येऊ नये म्हणून. एकदम फाडलं तर मोठा आवाज होतो, आणि फार हळू फाडलं तर कुरकुर लांबते. त्याची एक मधली गती असते, ती मला हाताला साधली होती. अंधारात उभ्यानं खायची. जेवण झालेलंच असायचं. पाकीट संपलं की बिस्किटांचा पुडा. मग पोटात दगड ठेवल्यासारखं, आणि स्वतःचा भयंकर राग. हे मी कोणालाही बोलले नव्हते. नवऱ्यालासुद्धा नाही.

आणि परीक्षेच्या तिसऱ्या भागात परीक्षक बाईंनी विचारलं, भूक नसताना लोक का खातात?

माझीही पाठ उत्तरं होती. जाहिराती, धावपळीचं जीवन, समाजमाध्यमं. तोंड उघडलं आणि एक वाक्य आठवेना. किती वेळ गेला देव जाणे. मग माझ्या तोंडून आलं, "आय डू इट. ॲट नाइट. माय मदर इज इल. आय ओपन द पॅकेट व्हेरी स्लोली, बिकॉज द साउंड..." आणि त्या आवाजाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाले, "लाइक समवन इज वॉकिंग ऑन ड्राय लीव्ह्ज."

बाई हसल्या नाहीत, अरेरे म्हणाल्या नाहीत. चांगलं-वाईट काही म्हणायची त्यांना मुभाच नसते. पण पुढचा प्रश्न त्यांनी माझ्या त्या बोलण्यावरूनच काढला, आणि मी बोलत राहिले. शब्द अडला तर वळसा घालून अर्थ पोचवता येणं, ही गोष्टसुद्धा त्या मापांत लिहिलेली आहे, हे मला खूप नंतर कळलं. वाळक्या पानांचं ते वाक्य मला कुठल्या फाइलनं दिलं असतं?

आता कोणी म्हणेल, परीक्षेत खोटं बोलायला बंदी थोडीच आहे. नाहीये. कल्पनेतलं सांगितलं तरी गुण मिळतात, हे मान्य. पण खोटं पहिल्या प्रश्नापुरतं पुरतं. "का?" विचारलं की संपतं. तिसऱ्या भागात तर चार-पाच मिनिटं हेच चालतं, तुमच्याच उत्तराचं बोट धरून पुढचा प्रश्न येतो. "आय नेव्हर ईट" म्हणणाऱ्या माणसाकडे पुढे बोलायला काय उरतं?

आणि बाकीचे विषय एक वेळ ठीक. आवडतं शहर, आवडता प्राणी, तिथे खोटं बोलून कोणाचं काही बिघडत नाही. खाण्याचं तसं नाही हो. आधीच माणूस लपून खातो, पाकिटं लपवतो, स्वतःला शिव्या देतो. त्यात परीक्षेची तयारी म्हणून त्याच्याकडून रोज दहा वेळा म्हणवून घ्यायचं की मी असलं काही करत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मनाचं काय होत असेल?

त्याच पानावरचं पुढचं वाक्य तर लिहायलाही नको वाटतंय. लठ्ठ लोकांना स्वतःवर ताबा नसतो, ते आळशी असतात, असं इंग्रजीत, छान अवघड शब्द घालून. भाचीनं तेही पाठ केलंय. स्वतःबद्दलच म्हणतेय ती ते, आणि वर उच्चार बरोबर आहे का म्हणून मला विचारतेय.

२०१९ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी वीस माणसांना आपल्या देखरेखीखाली ठेवून घेतलं होतं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं खाणं, दोन आठवडे साधं खाणं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, मीठ, चरबी, चोथा दोन्हीकडे जुळवलेला. पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलं होतं. प्रक्रिया केलेल्या खाण्यावर तीच माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती. तीच माणसं! पहिल्या पंधरवड्यात आळशी आणि दुसऱ्यात कष्टाळू झाली का ती? हे सांगा ना पोरांना. तिसऱ्या भागात बोलायला असलं काहीतरी द्या. मेक्सिकोनं २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, डेन्मार्कनं २०११ मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला आणि २०१३ उजाडताच काढून टाकला. सरकारनं यात पडावं का, यावर पोरं घरी भांडतील, मतं बनवतील, मग इंग्रजीत आपोआप "बिकॉज" येईल. पाठ केलेल्या उत्तरात बघा, "बिकॉज"ला कधी जोर नसतो.

शब्दांचंही तेच. फाइलमध्ये 'डेट्रिमेंटल' आहे, 'प्लेथोरा' आहे, 'डबल-एज्ड सोर्ड' आहे. पण रात्री खाणाऱ्या माणसाला लागणारा एक शब्द नाही. मन चाळवतं त्याला 'क्रेव्हिंग', दुःखात खातो ते 'कम्फर्ट ईटिंग', तडस लागली की 'स्टफ्ड', अधाशासारखं गिळलं की 'वुल्फ डाउन'. हे रोजच्या वापरातले शब्द आहेत आणि गुणांनाही चालतात. 'प्लेथोरा' म्हणताना भाचीची जीभ दोनदा अडखळली, आणि तो शब्द आपण नक्की कशासाठी वापरतोय हेही तिला सांगता येईना.

जंक फूड चांगलं असं मी म्हणत नाहीये. वाईटच आहे. तुम्हालाही माहितीये, मलाही माहितीये, त्या परीक्षकालाही माहितीये. म्हणून तर ते पुन्हा सांगण्यात काही हशील नाही.

आणि ज्याला तोंडच उघडता येत नाही त्याला पहिल्या दोन वाक्यांचा आधार लागतो, हेही कबूल. आधार द्या. पण मग हात सोडा ना.

हे लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. त्या सरांवर मघाशी फार चिडले. त्यांच्यासमोर खोलीभर पोरं असतात, प्रत्येकाला अमुक इतका बँड पाहिजेच असतो, आईबाप रोज फोन करत असतात. एकेकाला "तू खातोस का रे?" विचारत बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार. कदाचित त्यांनाही असंच शिकवलं असेल. तरी मी वर लिहिलेलं पुसणार नाही. लाल पेनाखालच्या त्या दोन रेघा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मग मी भाचीला माझी अंधारातली गोष्ट सांगितली. त्या परीक्षक बाईंनंतर पहिल्यांदाच कोणाला तरी. ती ऐकत राहिली, आणि मध्येच तिनं स्वतःची दोन बोटं तशीच चोळून बघितली. म्हणाली, "पुन्हा लाव वेळ."

यावेळी माझ्याकडे बघून बोलली. थांबत, चाचरत, व्याकरणाच्या पाच-सहा चुका करत. 'ही' आणि 'शी'चा घोळ घातला. एका ठिकाणी शब्द सुचेना तर म्हणाली, "माय हॅन्ड इज नॉट आस्किंग माय स्टमक." माझा हात माझ्या पोटाला विचारतच नाही. मी वही बाजूला ठेवली. चुका काढायचं मनातच आलं नाही. एक मिनिट पन्नास सेकंद बोलली पोरगी, आणि थांबली तेव्हा अजून सांगायचं बाकी होतं.

फाइल इथेच टाकून गेलीय. दारात चपला घालताना विचारलं, "मावशी, तुझं ते रात्रीचं थांबलं का गं मग?" म्हटलं, बरंचसं. एकदम नाही थांबलं.

उद्या परत येणारेय, तिसऱ्या भागासाठी. परीक्षा होईपर्यंत रात्रीची इथेच राहा म्हणून सांगितलंय.