गणिताच्या शिक्षकाने स्वतःला कसे वाचवावे

नववी-दहावीला गणित शिकवताय आणि मुलांसाठी झिजायची सवय लागली आहे? घाबरू नका. वेळीच पथ्य पाळले तर उतार पडतो.

वही तपासताना नजर थेट शेवटच्या ओळीवर न्या. उत्तर जुळले तर बरोबर, नाही जुळले तर फुली. मधल्या ओळी वाचूच नका, सगळी बाधा तिथूनच होते. ४० वह्या, प्रत्येकीला अर्धा मिनिट, की २० मिनिटांत तुम्ही मोकळे. ओळ न् ओळ वाचत बसलात तर एकेका वहीला ३ मिनिटे, म्हणजे सरळ दोन तास. तुकड्या तीन असतील तर सुट्टीचा दिवस गेलाच म्हणून समजा.

आणि वाचून मिळते काय? मनस्ताप. १६/६४ ला संक्षिप्त रूप द्यायचे होते, पोराने वरचा ६ आणि खालचा ६ खोडला आणि १/४ लिहून मोकळा झाला. उत्तर अगदी बरोबर! शेवटची ओळ पाहणारा समाधानाने टिक मारून पुढे जातो. मधली ओळ पाहणाऱ्याची झोप उडते, कारण त्याला माहीत असते की हाच पोरगा उद्या (क्ष + ३)/क्ष मधले क्ष खोडून ३ उरवणार आहे. अवयव (गुणाकारातला घटक) आणि पद (बेरजेतला घटक) यांतला फरकच त्याला कळलेला नाही. क्ष² = ५क्ष चेही तेच. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले, क्ष = ५ आले, मूल खूश. क्ष शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून ० ही दुसरी उकल वाटेतच सांडली. आता क्ष(क्ष − ५) = ० पासून पुन्हा सुरुवात कोण करणार?

(अ + ब)² = अ² + ब² लिहिणाऱ्यांना दहादा सूत्र लिहायला लावा. अकराव्यांदा ते पुन्हा अ² + ब² लिहितील, पण तुमच्याकडे पुरावा राहील. ही चूक का होते ते मात्र शोधू नका. २(अ + ब) = २अ + २ब हे मुलांनी इतक्या वेळा केलेले असते, की कंसाबाहेर काहीही दिसले तरी ते आत वाटून टाकायचे असते अशी त्यांची खात्री झालेली असते. वर्गमूळ, त्रिकोणमितीतले साइन, कुणाचीही सुटका नाही. आणि १० सेंमी बाजूचा कागदी चौरस तर चुकूनही वर्गात नेऊ नका. प्रत्येक बाजू ७ आणि ३ अशी विभागून कापला, की ४९ आणि ९ चे दोन चौरस होतात, बेरीज ५८. कागद तर १०० चा होता. उरलेले ४२ कुठे गेले म्हणून मुले शोधू लागतात, आणि २१-२१ च्या दोन पट्ट्या त्यांच्याच हातात सापडतात. २अब त्यांना एकदा असे भेटले, की पुढच्या प्रत्येक सूत्राला ती ‘का?’ विचारतात. मग पोर्शन संपवा!

प्रश्न विचारल्यावर थांबू नका. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये हे मोजून पाहिले होते. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबत. तोच अवधी ३ सेकंदांवर नेला तर उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. नको तो उपद्व्याप. त्यापेक्षा ‘समजलं का?’ विचारावे. समूहस्वरात ‘हो’ येते. तास संपताना −३² आणि (−३)² यांच्या किमती चिठ्ठीवर मागू नयेत. त्याच ‘हो’वाल्यांच्या अक्षरात दोन्हीकडे ९ निघतो.

दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकले आणि पुढची रीत बिनचूक असली, तरी ५ पैकी ०. विषय संपला.

मधल्या सुट्टीत एखादी मुलगी वही घेऊन दारात उभी राहील. ‘उद्या ये’ म्हणा. उद्या आली तर पुन्हा ‘उद्या’. तीनदा असे झाले की चौथ्यांदा ती येत नाही. काही दिवसांनी तिच्या वहीतली उत्तरे बरोबर येऊ लागतात, अगदी शेजारणीच्या खाडाखोडीसकट. शेवटची ओळ जुळतेय ना? मग मारा टिक.