मावशींचे खाडे आणि 'घरच्यासारखं'

ताई, "तुमच्या आईने त्या बाईला २७ वर्षं घरच्यासारखं सांभाळलं आणि तुम्ही आईलाच चव्हाट्यावर आणलंत," आमच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींबद्दल मी लिहिलं, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आईला दुखवायचं मनात नव्हतं. पण 'घरच्यासारखं' या शब्दाबद्दल बोलायलाच हवं, तो मीही वर्षानुवर्षं सहज वापरलाय.

२०१६ मध्ये बाबा गेले. दहा दिवस मावशींनी फुलेनगरमधल्या आपल्या घरी देवापुढे दिवा लावला नाही. "तुम्हाला कशाचं सुतक?" असं सुनेने विचारलं, तरी नाही. आम्हाला हे फार उशिरा कळलं. दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो, तेव्हा मागे त्या आमचं घर धूत होत्या. तेराव्याला चाळीस पानं उठली. सगळी भांडी त्यांनीच घासली आणि शेवटी ओट्याला टेकून जेवल्या.

त्याआधी, २००९ मध्ये, त्यांचे यजमान वारले. आमच्याकडून कुणी भेटायलाही गेलं नाही. त्या वर्षीचं कालनिर्णय मला माळ्यावर सापडलं. त्यावर ओळीने बारा फुल्या आहेत. दोन खाडे माफ, दहाचे पैसे कापले. कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली वजाबाकी आहे, आईच्या सुंदर अक्षरात.

आई दुष्ट नाही हो. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, तेव्हा मलाही नाही. पण खाडे मोजताना मावशी कामवाल्या आणि पगारवाढीचा विषय निघाला की घरच्या, असं आम्ही चालवलं. आजारपणात पैसे दिले, मुलीच्या लग्नात भांडी दिली, हे तुम्ही म्हणता ते खरंच. मनापासून दिली. पण ते आमच्या मर्जीवर होतं; हक्काचं त्यांच्याकडे काय होतं?

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. नोंदणी १८ ते ६० या वयातच होते, आणि अर्जाला मालकाचा दाखला लागतो. आमच्या चार ओळी पुरल्या असत्या. मला हे समजलं तेव्हा मावशींनी साठी ओलांडली होती. ही चूक आईची नाही, शिकलेली मी होते.

नोकरी सोडताना मिळणारी रक्कम म्हणजे ग्रॅच्युइटी; १९७२ च्या कायद्याने ती दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार अशी ठरवली, पण घरकाम त्यात धरलंच नाही. तरी मी तोच हिशेब मांडला: पगार साडेचार हजार, महिन्याचे दिवस त्या कायद्याप्रमाणे २६, वर्षं २७. सत्तर हजारांच्या थोडं वर जातं. आईला दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग स्वतःच बँकेत गेली.

गेल्या सोमवारी तिने मावशींच्या हातात पाकीट ठेवलं. त्यांनी ते उघडलंही नाही. पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हंजे उद्यापासून येऊ नको का, वहिनी?"

पाकीट अजून आईच्या कपाटात आहे.