ओआरएसने जुलाब वाढतात? फॉरवर्डमध्ये अर्धंच विज्ञान आहे

सोलापूरचा मे महिना, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, साठवलेल्या पिंपांमुळे गल्लोगल्ली पोट बिघडलेलं. त्यात आमच्या पेठेच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: "जुलाबात ओआरएस देऊ नका. पाण्याने आतड्याच्या पेशी फुगतात, क्लोराईडचे दरवाजे उघडतात आणि अंगातलं पाणी बाहेर पडतं. प्रयोगाने सिद्ध." शेजारच्या वहिनींनी तो मला पाठवला तेव्हा त्यांचं लेकरू खरंच आजारी होतं.

पेशी फुगली की क्लोराईडचे दरवाजे उघडतात, हे खरं. कशासाठी उघडतात, ते मात्र गाळलंय. क्लोराईड बाहेर पडतं, वेगळ्या वाटेने पोटॅशियमही जातं, पाठोपाठ पाणी; आणि काही मिनिटांत पेशी जवळपास मूळ आकारावर येते. फुटू नये म्हणून ही सोय. निघून जातं ते पेशीत शिरलेलं जादा पाणी, अंगातला साठा नव्हे. या दरवाजाचं मुख्य प्रथिन, एलआरआरसी८ए, २०१४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी शोधलं.

मग कॉलऱ्यात पाणी का वाहतं? तिथला दरवाजा दुसराच: सीएफटीआर. कॉलऱ्याचं विष पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढवतं आणि त्याने तो उघडाच राहतो. पेशी फुगायची गरजच नाही. दोन्हीकडे क्लोराईड म्हणून दोन्ही एकच मानायचे, तर आपल्या मोरीचा नळ आणि उजनीचा दरवाजाही एकच.

'प्रयोगाने सिद्ध' याची तर गंमतच आहे. या विषयातले गाजलेले बरेच प्रयोग 'इंटेस्टाइन ४०७' नावाच्या पेशींवर झाले. त्या आतड्याच्या नव्हेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या हेला पेशी निघाल्या! फुगवट्याचा नियम त्याने खोटा ठरत नाही, पण जुलाबाबद्दल त्यातून काही सिद्धही होत नाही.

राहिलं ओआरएस. त्याची तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, लिटरला २४५ मिलिऑस्मोल; रक्ताची साधारण २९०. म्हणजे ते थोडंसंच पातळ, पेशी फार फुगवणारं नव्हे. ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत ओढणारं वाहक प्रथिन कॉलऱ्यातही शाबूत असतं, आणि त्यांच्यामागून पाणी रक्तात जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचं ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजलं, तेव्हा कॉलऱ्याचे सुमारे ३० टक्क्यांवरचे मृत्यू ४ टक्क्यांच्या आत आले.

वहिनींना मी एवढंच कळवलं: पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी मिसळा, चमच्या-चमच्याने पाजत राहा, लघवी थांबली किंवा लेकरू मलूल पडलं, तर लगेच दवाखाना गाठा.