साहेब येईपर्यंत

भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात, मालक, मालकांचे चिरंजीव आणि मालकांचा भाचा अशा तीन खांबांवर उभ्या असलेल्या एखाद्या कंपनीत आपली नुकतीच नेमणूक झाली असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. ‘आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे,’ असे मुलाखतीत आपणांस सांगितले गेले असेलच. ते अक्षरशः खरे आहे, फक्त त्या कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर आपले नाव नाही एवढे ध्यानात ठेवावे. प्रस्तुत लेखकाने अशा एका कंपनीत अकरा वर्षे काढली असल्याने चार शब्द सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे तो समजतो.

नेमणूकपत्रावरील वार्षिक आकडा पाहून पेढे वाटण्यापूर्वी ‘सीटीसी’ (कॉस्ट टू कंपनी, म्हणजे आपल्यापायी कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च) या तीन अक्षरांचा महिमा समजून घ्यावा. भविष्यनिर्वाह निधीत कंपनीने स्वतः भरायचा बारा टक्के वाटा त्या आकड्यात आपल्याच कमाईत धरलेला असतो, आणि पाच वर्षे सलग नोकरी केल्याशिवाय जिचे तोंड दिसत नाही ती ग्रॅच्युइटीही मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के दराने आधीच मांडून ठेवलेली असते. (पंधराला सव्विसाने भागावे आणि उत्तराला पुन्हा बाराने, आमच्या अकाउंट्स विभागाचे एवढे एकच गणित अकरा वर्षांत कधी चुकले नाही.) कायद्याने द्यावा लागणारा ८.३३ टक्के बोनसही त्यातच असतो. सोनपापडीचा डबा मात्र सीटीसीच्या बाहेरचा असतो, म्हणून दिवाळीत तो दोन्ही हातांनी आणि वाकून स्वीकारावा.

आता कामाकडे वळू. वळताना घाई नको. काम झाले नाही म्हणून येथे कोणाला बोलणी बसल्याचे लेखकाला आठवत नाही, परंतु ‘कोणाला विचारून केलेत?’ या एका प्रश्नाने भले भले लोक गारद झालेले त्याने पाहिले आहेत. एकदा डिस्पॅचमधील प्रिंटरचा टोनर संपला. बीजकाच्या तीन प्रती निघाल्याशिवाय माल हलत नाही, त्यामुळे भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहिला. स्टोअरने इंडेंट म्हणजे मागणीपत्र काढले, परचेसने नियमाप्रमाणे तीन कोटेशने मागवली, भाचेसाहेबांनी आपल्या ओळखीच्या दुकानातून चौथे मागवले आणि चौथ्याचा दर सर्वांत जास्त निघाल्याने निर्णय मोठ्या साहेबांवर सोपवण्यात आला, जे त्या वेळी दुबईच्या विमानात होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रक तसाच उभा होता. तेव्हा नुकताच डिप्लोमा होऊन लागलेला एक मुलगा समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला, स्वतःच्या खिशातले तीस रुपये देऊन प्रती काढून आणल्या आणि गाडी सोडून मोकळा झाला.

सोमवारच्या बैठकीत त्या मुलाची पन्नास मिनिटे चौकशी झाली. कंपनीची गोपनीय कागदपत्रे बाहेरच्या दुकानात नेण्याची परवानगी कोणी दिली, हा मुद्दा होता. बैठकीला अकरा माणसे बसली होती. त्यांच्या पन्नास मिनिटांच्या पगारात किती टोनर आले असते, हा हिशेब लेखकाने वहीच्या मागच्या पानावर केला आणि तत्काळ खोडला. कोटेशने गोळा करून शांत बसलेल्या परचेसच्या गृहस्थांचे मात्र ‘प्रोसेस पाळली’ म्हणून कौतुक झाले, आणि पुढच्या इन्क्रिमेंटमध्ये ते दिसूनही आले. तात्पर्य काढायचेच तर आपले आपण काढावे. लेखक इतकेच सुचवेल की अशा प्रसंगी ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे वाक्य उच्चारावे आणि चहाला जावे.

वेळेच्या बाबतीत कंपनी अत्यंत काटेकोर असते. सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी अंगठा लावल्यास लेट मार्क, आणि तीन लेट मार्कांची अर्धी रजा. संध्याकाळी निघण्याची वेळ टिपण्याबाबत मात्र त्याच यंत्राला कमालीचा संकोच वाटतो. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याचे सत्तर तास सुचवले आणि २०२५ साली लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ते नव्वदवर नेले, तेव्हा साहेबांनी दोन्ही बातम्यांची कात्रणे सूचनाफलकावर लावायला सांगितली. त्यांच्याखाली आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांचा आणि दुप्पट दराच्या ओव्हरटाइमचा सरकारी तक्ता झाकला गेला. जागेची टंचाई होती, दुसरे काय.

रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपच्या गटावर साहेबांचा सुविचार येईल. त्याला अंगठा देण्यात पहिले येऊ नये, चिरंजीवांना येऊ द्यावे.

एवढे सगळे पाळूनही कधीतरी राजीनामा द्यावासा वाटला, तर नव्वद दिवसांची नोटीस आनंदाने भोगावी. त्या काळात ‘नो ड्यूज’च्या कागदावर नऊ सह्या घ्यायच्या असतात. लेखकाची आठवी सही कधीच न मिळालेल्या एका कॅल्क्युलेटरपायी अडली होती. शेवटी त्याने तो विकत घेऊन ‘परत’ केला. हिशेबाची रक्कम दोन कामकाजाच्या दिवसांत चुकती करावी असे नवी वेतन संहिता म्हणते आणि ‘सर, पंचेचाळीस दिवस तरी धरा’ असे अकाउंट्सचा मुलगा म्हणतो. संहितेपेक्षा मुलगा अधिक अनुभवी असल्याने त्याचेच ऐकावे.

नव्या जागी रुजू होऊन महिना लोटल्यावर एके सकाळी जुन्या कंपनीतून फोन येईल. दर महिन्याची ती एक्सेलची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि तिचा पासवर्ड काय, एवढेच त्यांना हवे असेल, कारण गेली इतकी वर्षे ते आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. मनात राग न ठेवता सगळे सविस्तर सांगावे. वेळेची चिंता नको. नव्या कंपनीतही साहेब अजून यायचेच असतात.