आई म्हणाली, "बघ, परत वेळ वाढवून दिली"

आधीच सांगते, हे सगळं ४९ रुपयांवरून आहे. ज्यांना "एवढ्याशा पैशांसाठी काय गं" म्हणायचंय त्यांनी आत्ताच म्हणून घ्या आणि पुढे चला. मी बीबीएच्या सेकंड इयरला आहे, मार्केटिंग घेतलंय, पुण्यात कॉट बेसिसवर राहते, आणि २० तारखेनंतर माझ्या हिशोबात ४९ रुपये म्हणजे दोन दिवसांचा नाश्ता असतो.

तर झालं असं की परवा रात्री धो धो पाऊस, मेसच्या काकूंची सुट्टी, पोटात कावळे, म्हणून अ‍ॅपवरून दूध आणि ब्रेड मागवायला गेले. दोन्हीचे मिळून ७८ रुपये. वर हिरव्या पट्टीत हे एवढं मोठं "डिलिव्हरी फ्री". म्हटलं वा. पेमेंटच्या पानावर आकडा १७५. आणि मी, जी मार्केटिंग शिकते, जिला इंटर्नलला बऱ्यापैकी मार्क पडतात, ती मी यूपीआयचा पिन टाकून मोकळी झाले, कारण डोळे मिटत होते आणि भूक मरणाची लागलेली. सकाळी चहा पिताना बिल उघडलं तेव्हा ट्यूब पेटली. हँडलिंगचे १०. ऑर्डर छोटी आहे म्हणून २०. पाऊस पडतोय म्हणून १५, जसा काही मीच पाडला. कुठल्यातरी चांगल्या कामाला माझ्याकडून ३ रुपये, टिक आधीच मारलेली, विचारलं कोणी नाही. आणि सगळ्यात खाली बारीक राखाडी अक्षरात एका महिन्याची मेंबरशिप, ४९ रुपये. म्हणजे ती डिलिव्हरी फ्री होती ती या ४९ मुळे! माझ्याच खिशातून काढले आणि मलाच फुकट दिलं म्हणून सांगितलं.

(पावसाचे १५ त्या भिजत आलेल्या पोराला मिळत असतील तर माझी काहीच तक्रार नाही. मागे एकदा एकाला विचारलं होतं, तो नुसता हसला आणि म्हणाला, "ताई, ओटीपी सांगा.")

डोकं कशाने फिरलं सांगू का, पैशांनी फिरलंच, पण त्याहून जास्त याने की यातल्या एकेका गोष्टीचं नाव मला पाठ आहे. न विचारता टोपलीत वस्तू टाकली, बास्केट स्नीकिंग. आधी एक किंमत दाखवली आणि पुढे थेंब थेंब वाढवत नेली, ड्रिप प्रायसिंग. या सगळ्याला मिळून डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये हे नाव दिलं, आणि आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला याच्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. वाचा एकदा, माझं परवाचं बिल समोर ठेवून लिहिल्यासारखं वाटेल. मग जून २०२५ मध्ये कंपन्यांना परत सांगितलं की तीन महिन्यांच्या आत आपापलं अ‍ॅप स्वतः तपासा आणि असलं काही असेल तर काढा. स्वतः! म्हणजे कॉपी करणाऱ्या पोरालाच सुपरव्हिजनला बसवायचं.

आणि कॉलेजात काय चालतं ते ऐका. आमच्या सिलॅबसमध्ये युनिट तीनला याच गोष्टीला "क्रिएटिंग अर्जन्सी" म्हणतात, गिऱ्हाइकाला घाई कशी लावायची, आणि युनिट पाचला, एथिक्समध्ये, त्यालाच "फॉल्स अर्जन्सी" म्हणतात, हे करू नये. युनिट तीन १६ मार्कांना, युनिट पाच ४ मार्कांना. पोरं काय शिकणार मग? एथिक्स ऑप्शनला टाकतात सगळे, मीही टाकलं होतं. गेल्या सेमला मला स्कार्सिटीवर, म्हणजे माल थोडाच उरलाय असं दाखवण्यावर, आठ मार्कांचा प्रश्न आला आणि मी १९७५ चा तो बिस्किटांचा प्रयोग झकास लिहिला, की एका बरणीत दहा बिस्किटं, एका बरणीत दोन, बिस्किटं तीच, पण दोनच्या बरणीतलं लोकांना जास्त हवंसं वाटलं. आणि गंमत म्हणजे चव जास्त चांगली वाटली का, तर नाही, चव तेवढीच. नुसता जीव वरखाली. सहा पडले आठपैकी. त्याच संध्याकाळी मी "फक्त २ शिल्लक" बघून एक कुर्ता घेतला जो अजून घडी मोडलेला नाही.

पहिल्या लेक्चरला चार पी शिकवतात, प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, मॅकार्थी नावाच्या मार्केटिंगच्या प्राध्यापकाने १९६० मध्ये मांडलेले. पाचवा मी सुचवते, पाकीटमारी.

पण थांबा, मी काही धुतल्या तांदळासारखी नाहीये. मे महिन्यापासून मी दोन महिने इंटर्नशिप केली, एका छोट्या कंपनीत, स्वयंपाकघरातल्या वस्तू ऑनलाइन विकायचे, नाव नाही सांगत. स्टायपेंड शून्य, सर्टिफिकेट मिळेल. पहिल्याच आठवड्यात मला प्रॉडक्टच्या पानावरची लाल पट्टी दिली करायला. "फक्त इतके शिल्लक", "इतके जण आत्ता हे बघत आहेत" आणि खाली उलटा चालणारा टायमर. मी आपली शहाण्यासारखी विचारायला गेले की सर, स्टॉकचा आकडा कुठून घ्यायचा, गोडाऊनची शीट कुणाकडे असते? सर हसले. म्हणाले, "अगं रँडम टाक, दोन ते पाच." आणि बघणारे? "पंधरा ते चाळीस, फार ठेवू नकोस, खोटं वाटतं." खोटं वाटतं! आणि टायमर तर त्याहून भारी, त्याचा कुठल्या ऑफरशी काही संबंधच नव्हता, तुम्ही पान उघडलं की तुमच्याच मोबाइलमध्ये दहा मिनिटं मोजायला सुरुवात, पान रिफ्रेश केलं की पुन्हा दहापासून. ऑफर कधी संपते? संपत नाही. ती किंमतच तेवढी होती कायमची, वरची खोडलेली किंमत तेवढी आम्ही टाकलेली. मी काही बोलले का? नाही बोलले. केलं मुकाट्याने आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की कन्व्हर्जन (बघणाऱ्यांपैकी किती जण विकत घेतात ते) वाढवण्यासाठी घटक डिझाइन केले. व्हायव्हाला मॅडम म्हणाल्या, गुड एक्स्पोजर.

आता गणपतीला घरी गेले कराडला. आई ओट्यापाशी, एका हातात मोबाइल, चष्मा नाकावर, आणि मला म्हणते, "लवकर ये, ते पैसे कसे टाकायचे सांग, पाचच मिनिटं राहिलीत." काय घेतेय तर भाजी चिरायचा चॉपर, दोरी ओढायचा. आमच्याकडे विळी आहे, दोन सुऱ्या आहेत, आणि असलाच एक चॉपर आहे ज्याची दोरी दुसऱ्या आठवड्यात आत गेली ती आजतागायत बाहेर आली नाही, त्यात आई आता रबरबँड ठेवते. मी म्हटलं आई, कशाला. तर म्हणे, "अगं तीनच राहिलेत, आणि अठ्ठावीस लोक बघतायत, कोणीतरी घेऊन टाकेल."

अठ्ठावीस. पंधरा ते चाळीसच्या मध्ये. माझ्या पोटात गोळाच आला, कंपनी दुसरी होती हां, पण पट्टी तीच, लाल रंगसुद्धा तोच. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं समजावून सांगितलं, की हे आकडे खोटे असतात, मी स्वतः केलंय हे काम, आता बघ तुला दाखवते, आणि पान रिफ्रेश केलं. टायमर परत १०:०० वर. मी विजयी चेहऱ्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "बघ, परत वेळ वाढवून दिली. चांगले आहेत गं लोक."

मी काय करू सांगा. हसू की रडू. माझ्या आईने बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भल्याभल्यांना घाम फोडलाय, "दादा परवा दहाला दिली आणि आज पंधरा?" म्हणून ती चार पावलं पुढे जाते, वळून बघत नाही, आणि भाजीवाला स्वतः हाक मारतो. त्या बाईला कोणी उल्लू बनवू शकत नाही. पण तिथे समोर माणूस असतो, त्याचा चेहरा वाचता येतो, किती जुड्या राहिल्यात ते टोपलीत दिसतं. इथे टोपलीच दिसत नाही हो! आकडा मी टाकणार, टोपली मी झाकून ठेवणार, आणि मग माझंच पुस्तक सांगणार की आजचा ग्राहक सजग आहे, त्याच्या हातात सगळी माहिती आहे. घंटा आहे.

चॉपर आला. शेंदरी आहे. दोरी अजून बाहेर आहे, बघू.

ठाण्याच्या आत्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीचं सामान यायचं, मी लहान असताना बघितलंय. १९७५ पासून चालू आहे ही संस्था. शेजारपाजारची घरं मिळून एक संघ, प्रत्येकाने यादी आधी भरून द्यायची, मग महिन्याचं सामान एकाच घरी उतरायचं आणि सगळ्या जणी बसून वाटून न्यायच्या, आत्या वहीत टिका मारत असायची. मला तेव्हा फार बोअर व्हायचं कारण त्यात चॉकलेट नसायचं. आता कळतंय की त्या यादीत काय भारी गोष्ट होती ते, साखर किती लागते हे तुम्ही घरी बसून, पोट भरलेलं असताना, डोकं ठिकाणावर असताना ठरवायचात. रात्री साडेदहाला, भुकेलेल्या माणसाला, पावसात, डोळे मिटत असताना, एक राखाडी ओळ दाखवून नाही. अर्थात मी आत्यासारखी महिनाभर आधी यादी करेन असं काही नाही, मला उद्या काय खायचंय ते माहीत नसतं. पण मग माझ्या आळसाचे पैसे घ्या ना सरळ, वर तोंड करून सांगा की बाई तू आळशी आहेस त्याचे ५० जादा, मी देईन. चोरून कशाला?

आणि दुकानात गेलं तरी सुटका नाही. परवाच्या परवा एका मोठ्या दुकानात ४० रुपयांच्या पिना घेतल्या, काउंटरवरची मुलगी म्हणते मोबाइल नंबर. म्हटलं नको. म्हणे, सिस्टीम पुढे जात नाही. पिना घ्यायला नंबर! २०२३ च्या मे मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी सक्ती करू नका, मी तसं म्हटलं तर मागच्या रांगेतले काका म्हणाले, "अहो द्या ना, सगळ्यांकडेच आहे आपला नंबर." त्यांचंही खरंच आहे. त्या मुलीचाही दोष नाही, ती दिवसभर उभी असते. मी दिला. संध्याकाळपर्यंत तीन मेसेज, त्यातल्या एकात "प्रिय" आणि पुढे माझं नाव चुकीचं.

असो, ४९ वर येते. ती मेंबरशिप घालायला किती टिका लागल्या? शून्य. काढायला किती लागतंय ते मी काल मोजलं. प्रोफाइल, त्यात सेटिंग नाही, मदत, त्यात "इतर", त्यात खाली खाली खाली जाऊन "मेंबरशिपबद्दल", मग एक पान की तुम्ही या महिन्यात किती वाचवलंत (शून्य, पण फुगे उडतायत), मग कारण निवडा, मग मोठं हिरवं बटण "राहू दे" आणि त्याच्याखाली डोळे फोडून वाचावं लागेल असं "नाही, मला बचत करायची नाही". म्हणजे मी माझ्याच बोटाने दाबून कबूल करायचं की मी मूर्ख आहे. यालाही नाव आहे, कन्फर्म शेमिंग, दोन मार्क.

मग चॅटवर आपोआप उत्तरं देणारा बॉट. "नमस्कार, तुमची अडचण आम्हाला समजते." काय समजते? अजून सांगितलीच नाही मी. पाऊण तास. तो मला चार पर्याय देतो, चारही माझे नाहीत, पाचवा टाइप केला की परत नमस्कार. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते हे मला माहितीये, नंबर लावायला घेतलाही होता, तर रूममेट म्हणते, "४९ साठी?" आणि हाच तर धंदा आहे ना, की प्रत्येक जण स्वतःला म्हणणार, ४९ साठी? लाख लोकांनी असं म्हटलं की ४९ लाख झाले, आणि एकालाही चोरी झाल्यासारखं वाटत नाही.

मी हटले नाही. भांडले. शेवटी बॉटमधून माणूस आला, किंवा माणसाचं नाव लावलेला बॉट आला, आणि म्हणाला की तुमचे ४९ परत दिलेत. मी पलंगावर उभी राहिले आनंदाने. बँकेत बघते तर काही नाही. अ‍ॅपमध्ये बघते तर वॉलेटला ४९ कॉइन. सात दिवसांत वापरायचे. कमीत कमी २९९ च्या ऑर्डरवर.

आज दुसरा दिवस आहे. रूममेट कालपासून मागे लागलीये की मॅगीचा मोठा पॅक, शाम्पू आणि काहीतरी गोड घेतलं तर बरोबर बसतंय, आणि मी मघापासून बघतेय, २८६ होतायत, अजून १३ चं काहीतरी लागेल.