पॅरालीगल व्हा, पण पावती जपून ठेवा

पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणाऱ्या मदतनिसाचं, सर्टिफिकेट घ्यायचं मनात आहे ना? मग घेऊनच टाका. सवलत आज रात्री बारापर्यंतच आहे. उद्याही रात्री बारापर्यंत असेल, पण ते बघायला तुम्ही कशाला थांबताय?

माझ्या भाच्याने घेतलं. बी.कॉम. झाला, दोन वर्षं स्पर्धा परीक्षांत घालवली, आणि मग फोनवर एक गोड आवाजाच्या मॅडम भेटल्या. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, फी ३५,०००, वर १८ टक्के जीएसटीचे ६,३००, एकूण ४१,३०० रुपये. हप्ते बिनव्याजी. मी म्हटलं, पावती दाखव.

तुम्हीही आधी पावतीच वाचा, अख्ख्या कोर्सात इतका माहितीपूर्ण कागद दुसरा मिळायचा नाही. कायद्याने मान्य असलेली पदवी किंवा पदविका देणाऱ्या शिक्षणाला जीएसटी माफ आहे. म्हणजे माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘मान्यताप्राप्त’ आणि पावतीवर १८ टक्के, असं असेल तर सरकारच्या लेखी तुम्ही मोबाइलचा रिचार्ज मारलाय. पण असले विचार मनात आणू नका. शिकणाऱ्याने नम्र असावं.

आता अभ्यासक्रम. भाच्याला पहिले दोन महिने डिस्कव्हरी आणि डिपॉझिशन शिकवलं, म्हणजे खटल्याआधी समोरच्याकडून कागद मागवणं आणि कोर्टाबाहेर साक्ष नोंदवणं. अमेरिकेतल्या वकिलाच्या ऑफिसात याचा फार उपयोग होतो. तिथे वकील तासावर पैसे घेतो आणि पॅरालीगलचे तासही अशिलाच्या बिलात लावतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८९ साली मिसुरी विरुद्ध जेन्किन्स खटल्यात ठरवलं की हरलेल्या पक्षाकडून वकिलाची फी वसूल करताना पॅरालीगलचं काम बाजारभावाने धरता येतं. पॅरालीगल जितका राबेल तितकं ऑफिस कमावतं, म्हणून त्याला पगार. आपल्या तालुक्याला वकीलसाहेब केसचे ठोक घेतात, नाहीतर तारखेचे. तुमचा तास कुठल्या बिलात लावायचा? पण हा प्रश्न कोर्सच्या ‘करिअरच्या संधी’ या धड्यात नाही, तेव्हा परीक्षेला येणार नाही.

सर्टिफिकेट हातात आल्यावर भाचा एका वकीलसाहेबांकडे चिकटला. पगार नऊ हजार. त्याच्याबरोबर लागलेला दुसरा मुलगा बारावी नापास, त्यालाही नऊ हजार. खर्च आणि फायदा असा मांडायचा असतो: ४१,३०० भागिले दरमहा जादा मिळणारी रक्कम. जादा रक्कम शून्य. शून्याने भागायचं नसतं असं शाळेत सांगायचे, पण ते सर कुठे पॅरालीगल होते!

साहेबांकडे तीस वर्षांचे जुने कारकून आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांना पॅरालीगल हा शब्द उच्चारता येत नाही, ते ‘प्यारालिगल’ म्हणतात, प्यार जरा लांबवून. पण बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, आपलं मॅटर सातवं असेल तर पुकारा किती वाजता होईल, हे काका चहा पिता पिता सांगतात. नकलेचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, वकीलपत्राला तिकीट किती, रोजनाम्यात काय लिहिलं गेलं आणि काय राहिलं, निशाणी पाचवरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा, हुकूम कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाच्या संगणकातली केसची ओळख, मात्र डाव्या तळहातावर, बॉलपेनने. यातलं एकही मोड्यूल ऑनलाइन नाही. ते बार रूमच्या बाहेरच्या बाकावर मिळतं, तिथे प्रवेश परीक्षा नसते आणि बाकही मोडका आहे. असल्या ठिकाणी शिकून तुमची काय प्रतिष्ठा राहणार?

दुसरे रस्ते आहेत, पण त्यांच्या नादी लागू नका. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा आहे, बारावीवर प्रवेश मिळतो, विद्यापीठ सरकारी. पण तिथून रात्री साडेदहाला कोणी प्रेमाने फोन करत नाही. पदवी असेल तर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. नंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायची. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खुल्या प्रवर्गाकडून नोंदणीचे ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. म्हणजे ४१,३०० रुपयांत पंचावन्न वेळा वकील होऊन वर चहाला पन्नास रुपये उरतात. (पुण्या-मुंबईत करार तपासणाऱ्या कंपन्या आहेत आणि तिथे पॅरालीगल हे पद खरोखर असतं, हे कबूल केलं पाहिजे. भाचा तिथेही जाऊन आला. पहिलाच प्रश्न: एलएलबी कधी झालं?)

आणि फुकटचं तर अजिबात घेऊ नका. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २००९ पासून पॅरालीगल स्वयंसेवकांची योजना आहे. जिल्हा प्राधिकरण निवड करतं, प्रशिक्षण देतं, ओळखपत्र देतं, कामाच्या दिवसाचं मानधनही देतं. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी, कोणीही चालतं. लोकांना अर्ज भरून द्यायचे, पोलीस ठाण्यात गोंधळलेल्या माणसाला वाट दाखवायची, असलं काम. नोकरी नाही, हे ते लोक पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतात, म्हणून त्यांच्याकडे गर्दी कमी. या योजनेत तुरुंगात दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या शिकलेल्या कैद्यांनाही स्वयंसेवक करता येतं. फी माफ, राहणं-जेवणं सरकारी, आणि अशील दाराशी नव्हे, कोठडीत हजर. व्यवहार म्हणून पाहिलं तर भाच्यापेक्षा ते फायद्यात आहेत. प्रवेशाची अट तेवढी कडक आहे.

तेव्हा सर्टिफिकेट घ्या, आणि घेतल्यावर भाच्यासारखं पहिल्या दिवशी ऑफिसात घेऊन जा. जाड कागद, सोनेरी किनार, कोपऱ्यात तराजू. त्याने ते काकांपुढे धरलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, मागे कोरा आहे याची खात्री केली. मग कानावरची पेन्सिल काढून सवयीने उजव्या कोपऱ्यात ‘४३’ आकडा घातला, डाव्या बाजूला दोन भोकं पाडली, आणि टॅग ओवत म्हणाले,

“यादीत काय लिहू? दस्तऐवज की इतर कागद?”