गिरणीसमोरचा वाडा

पुतण्याच्या मुंजीची पत्रिका नारायण पेठेतल्या दूरच्या मामांना नेऊन देण्याची कामगिरी माझ्यावर आली, तेव्हा आईने सांगितलेला पत्ता एवढाच होता : "मोदी गणपतीवरून पुढे जा, गिरणीसमोरचा वाडा." फोनमधल्या नकाशाने मला एका बोळाच्या तोंडाशी आणून सोडले आणि मुक्कामी पोहोचल्याचे जाहीर करून तो गप्प बसला. सम-विषम तारखांचा फलक दोनदा वाचून, तारखेबद्दल किंचित साशंक राहूनच, मी माझी पांढरी स्कूटर कडेला लावली.

ओट्यावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना गिरणी विचारली.

"गिरणी पानशेतला गेली," ते मान वर न करता म्हणाले.

मी कोथरूडात वाढलेला असल्यामुळे, गिरणीवाल्याने तिकडे स्वस्तात जागा घेतली असावी, असे मला क्षणभर खरेच वाटले. मग उजेड पडला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तेव्हापासून इथल्या जुन्या माणसांच्या लेखी काळाचे पानशेतच्या आधीचा आणि नंतरचा असे दोनच भाग आहेत. माझ्या आईचा जन्म नंतरच्या भागातला, म्हणजे हा पत्ता तिला आजीकडून दागिन्यांबरोबरच मिळाला असणार.

"पण मग नसलेल्या गिरणीवरून पत्ता कसा सांगतात?" मी जरा चिडूनच विचारले. उत्तरादाखल आजोबांनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली, तेव्हाच मला आपली चूक कळली. लकडी पूल सरकारदरबारी संभाजी पूल आहे आणि त्यात लाकडाची ढलपीसुद्धा नाही, पेरूगेटापाशी पेरू पिकत नाहीत, मोदी गणपतीच्या नावातले मोदी आणि त्यांची बाग केव्हाच गेली, हे सगळे त्यांनी मला सावकाश ऐकवले आणि शेवटी विचारले, "तरी आलातच ना इथवर?"

मामांचा वाडा अर्थातच आता वाडा नव्हता. ती पाच मजली इमारत होती आणि लिफ्ट बंद होती. मामींनी पत्रिका हळदीकुंकवासाठी देवापुढे ठेवली, चहा दिला आणि "सापडलं ना पटकन?" असे विचारले. मी हो म्हणालो.

खाली आलो तर स्कूटर जागेवर नव्हती. तारीख सम होती आणि वाहने उचलणारी गाडी नुकतीच येऊन गेली होती. ओट्यासमोर एक घामाघूम गृहस्थ हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते आणि आजोबा त्यांना समजावत होते, "अहो, सोपं आहे. मघाशी जिथे ती पांढरी स्कूटर होती ना, तिथून डावीकडे वळा."